मॅक्रो लेन्स घेण्याआधी हातात पट्टी घ्या

जवळून फोटो काढायला लागलेल्या माणसांच्या तक्रारी फिरून फिरून त्याच असतात. लेन्सवर मॅक्रो लिहिलंय, तरी मुंगी ठिपक्याएवढी दिसते. अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र, एफ/२२ इतकं बारीक ठेवलं (आकडा मोठा तितकं छिद्र लहान) तरी फुलाचा निम्मा भाग धूसर येतो. ऑटोफोकस नुसता पुढे-मागे करत बसतो आणि तोवर किडा उडून जातो. अशा वेळी लेन्स बहुधा चांगलीच असते, चुकलेला असतो तो क्रम. आधी लेन्स घेतली जाते, मग काय टिपायचं ते ठरतं आणि प्रकाशाचा विचार सगळ्यात शेवटी होतो. हा क्रम उलटा करायचा आहे. सुरुवातीला एकच अवजार लागेल: मिलिमीटरच्या खुणा असलेली साधी पट्टी.

## टप्पा १: विषय मोजा

ज्या वस्तूचा फोटो काढायचा आहे तिची रुंदी मोजा, आजूबाजूला जी मोकळी जागा हवी ती त्यात धरा. ही झाली तुमच्या फ्रेमची रुंदी. आता सेन्सरची, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या भागाची, रुंदी घ्या: फुल फ्रेम ३६ मिमी, निकॉन, सोनी, फुजी यांचा क्रॉप (फुल फ्रेमहून लहान) सेन्सर साधारण २३.५ मिमी, कॅननचा क्रॉप सेन्सर साधारण २२.३ मिमी, मायक्रो फोर थर्ड्स १७.३ मिमी. सेन्सरच्या रुंदीला फ्रेमच्या रुंदीनं भागलं की तुम्हाला लागणारं मॅग्निफिकेशन मिळतं. ते गुणोत्तरातही लिहितात: ०.५ म्हणजे १:२, १ म्हणजे १:१, २ म्हणजे २:१.

२३.५ मिमीच्या क्रॉप सेन्सरवर ५० मिमीच्या चौकटीत फूल बसवायचं असेल तर उत्तर येतं ०.४७, म्हणजे १:२ ची लेन्स पुरते. अंगठीसाठी २४ मिमीची चौकट धरली तर १:१ लागेल. ५ मिमीच्या मुंगीनं निम्मी फ्रेम व्यापावी असं वाटत असेल तर चौकट १० मिमीची आणि मॅग्निफिकेशन २.३५. हे १:१ च्या लेन्सला, ती कितीही महाग असली तरी, एकटीला जमणार नाही.

१:१ म्हणजे वस्तू जेवढी, तेवढीच तिची प्रतिमा सेन्सरवर. झूम लेन्सवर छापलेला मॅक्रो हा शब्द याची हमी देत नाही. तिथे मजल बहुधा १:४ किंवा १:३ पर्यंतच जाते. लेन्सच्या माहितीत कमाल मॅग्निफिकेशनचा आकडा शोधा (०.२५, ०.५, १.० असा लिहिलेला असतो) आणि फक्त त्यावर विश्वास ठेवा.

थोडं क्रॉप करायची तयारी असेल तर गणित सोपं होतं. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात फ्रेम साधारण ६००० पिक्सेल रुंद असते. २३.५ मिमीच्या सेन्सरवर १:१ ला ती ५ मिमीची मुंगी सुमारे १२७५ पिक्सेल व्यापते. स्क्रीनवर पाहायला एवढं पुष्कळ झालं. म्हणून २:१ च्या मागे लागण्याआधी १:१ वर हात बसवा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. २:१ ला स्पष्ट दिसणारा पट्टा (पुढून मागे जेवढी खोली एकाच वेळी धारदार येते ती) निम्म्याहूनही पातळ होतो आणि प्रकाश आणखी कमी पडतो.

तपासा: तुमच्याकडे आत्ता असलेली लेन्स पट्टीसमोर धरा, ती जितक्या जवळून फोकस करते तितकं जवळ जा आणि फोटो काढा. फ्रेमच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत किती मिमी दिसतात? २३.५ मिमीच्या सेन्सरवर ९४ मिमी दिसले तर तुम्ही १:४ वर आहात, ४७ दिसले तर १:२ वर. कदाचित तुम्हाला काही विकत घ्यायची गरजच नसेल.

## टप्पा २: हाताशी आहे त्यावरून रस्ता निवडा

तुमच्याकडे ५५-२५० किंवा ७०-३०० सारखी झूम असेल, तर तिच्या पुढे लावायची क्लोजअप लेन्स, म्हणजे जोडभिंग, घ्या. एका भिंगाचे +१, +२, +४, +१० असे स्वस्त संच मिळतात, त्यांतल्या जास्त ताकदीच्या भिंगांपासून लांब राहा. मध्यभाग बरा येतो, पण कडांना जांभळी-हिरवी किनार येते आणि बारीक तपशील विरघळतात. रंगदोष सुधारलेली दोन-तीन भिंगांची क्लोजअप लेन्स मागा. तिला अ‍ॅक्रोमॅट म्हणतात. रेनॉक्स डीसीआर-२५० ही त्यातली सगळ्यात परिचित. तिची ताकद +८, म्हणजे फोकल लेंग्थ १२५ मिमी, आणि ५२ ते ६७ मिमी फिल्टरच्या आट्यांवर ती चिमट्यानं बसते. झूम अनंतावर फोकस करून २०० मिमीला ठेवली तर २०० भागिले १२५, म्हणजे १.६ पट. १०० मिमीला ०.८ पट. प्रकाश कमी होत नाही, ऑटोफोकस आणि अ‍ॅपर्चर जसेच्या तसे चालतात. झूम फिरवली तरी वस्तूपासूनचं अंतर १२ सेंमीच्या आसपासच राहतं. कमीत कमी खर्चात जास्तीत जास्त मिळवायचं असेल तर मी आधी हेच सुचवतो.

५० मिमीची साधी लेन्स असेल, तर एक्स्टेन्शन ट्यूब. ही पोकळ नळी असते, आत काच नसते, त्यामुळे स्वस्त ट्यूबनं चित्राचा दर्जा बिघडत नाही. हिशेब सरळ आहे: नळीची लांबी भागिले फोकल लेंग्थ, एवढं मॅग्निफिकेशन वाढतं. ५० मिमीवर ३६ मिमीची नळी लावली तर ०.७२ ची भर, त्यात लेन्सचं स्वतःचं ०.१५ मिळवा, जवळजवळ ०.९ झालं. तीच नळी २०० मिमीच्या लेन्सवर लावली तर भर फक्त ०.१८. लांब लेन्सवर ट्यूब लावून निराश झालेले बरेच जण भेटतात, त्याचं कारण हे.

सावधान: इलेक्ट्रिक संपर्क नसलेली सगळ्यात स्वस्त ट्यूब घेऊ नका, तुमच्या लेन्सवर अ‍ॅपर्चरची कडी असेल तरच ती उपयोगाची. आजच्या बहुतेक लेन्सचं अ‍ॅपर्चर कॅमेऱ्यातून चालतं, आणि संपर्क तुटला की ते बदलता येत नाही.

लेन्स उलटी बसवण्याची रिंगही मिळते. २८ मिमीची लेन्स उलटी केली की दुपटीच्या आसपास मॅग्निफिकेशन मिळतं, पण ऑटोफोकस जातो, अ‍ॅपर्चर चालवणं त्रासाचं होतं आणि लेन्सचा मागचा नाजूक भाग बाहेर उघडा राहतो. शिकण्याची सुरुवात इथून करू नका.

स्वतंत्र मॅक्रो लेन्सच घ्यायची असेल, तर मॅग्निफिकेशननंतर बघायची गोष्ट म्हणजे वर्किंग डिस्टन्स, लेन्सच्या पुढच्या कडेपासून वस्तूपर्यंतचं अंतर. माहितीत छापलेलं किमान फोकस अंतर सेन्सरपासून मोजलेलं असतं. (कॅमेऱ्यावर वर्तुळ आणि त्याला छेदणारी रेघ अशी खूण असते, तिथून.) १०० मिमीच्या लेन्सवर ३० सेंमी लिहिलेलं असलं तरी १:१ ला समोर उरतात साधारण १३ ते १५ सेंमी. ४० मिमीच्या लेन्सला जेमतेम ३-४ सेंमी उरतात. तिथे लेन्सची सावली वस्तूवर पडते आणि किडा तर थांबतच नाही. नाणी, दागिने, घड्याळाचे भाग, वाळलेली पानं यांच्यासाठी ४० ते ६० मिमी चालते. जिवंत प्राण्यांसाठी ९० ते १०५ मिमीच घ्या.

वापरलेल्या लेन्समध्ये टॅमरॉन ९० मिमी एफ/२.८ आणि टोकिना १०० मिमी एफ/२.८ यांच्या जुन्या आवृत्त्या शोधा. दोन्ही १:१ पर्यंत जातात. मिररलेस क्रॉप कॅमेऱ्यांसाठी टीटीआर्टिझन ४० मिमी आणि सेव्हनआर्टिझन्स ६० मिमी या फक्त हातानं फोकस करायच्या १:१ लेन्स आहेत, आणि लाओवा ६५ मिमी २:१ पर्यंत जाते. जुनी मायक्रो-निक्कोर ५५ मिमी एफ/२.८ एकटी १:२ देते, २७.५ मिमीची नळी जोडली की १:१. निकॉन आपल्या मॅक्रो लेन्सना मायक्रो म्हणतं, शोधताना हा शब्दही टाकून पाहा. ऑटोफोकस नाही म्हणून लेन्स नाकारू नका. १:१ ला तो तुम्ही बंदच ठेवणार आहात.

सावधान: पैसे देण्याआधी तुमच्या कॅमेऱ्याशी जुळणी पाहा. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या कॅमेऱ्यांत फोकस मोटर नाही, त्यामुळे जुन्या एएफ-डी प्रकारच्या लेन्स त्यांवर आपोआप फोकस होत नाहीत. कॅननच्या ईएफ-एस लेन्स फुल फ्रेम ईएफ कॅमेऱ्यावर बसत नाहीत.

## टप्पा ३: वापरलेली लेन्स हातात घेऊन पारखा

अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवा आणि मागून टॉर्च तिरकी धरून आत पाहा. धुळीचे चार कण दिसले तर सोडून द्या. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी आहे, लेन्स परत करा. दुधाळ धुकं दिसलं तरीही परत करा. त्यानं फोटोतला उठाव जातो आणि तो नंतर सॉफ्टवेअरमध्ये पुरता भरून येत नाही. अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेलाची चकाकी नको. फोकसची कडी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. ती जड असली तर चालेल, पण मध्ये अडकायला किंवा डुगडुगायला नको. मॅक्रो लेन्सची कडी खूप लांब फिरते आणि झीज इथेच दिसते.

मग पट्टीचा फोटो काढा. कमाल जवळीक, २३.५ मिमीच्या सेन्सरवर २३-२४ मिमी दिसले तर १:१ खरं. विक्रेत्यानं १:१ साठी लागणारी सोबतची जोडलेन्स किंवा नळी काढून ठेवली असेल तर ते इथेच उघडकीला येतं.

## टप्पा ४: कॅमेरा आधीच लावून ठेवा

किडा समोर आल्यावर मेनू उघडायचा नाही. घरातून निघतानाच हे करा:

१. मॅन्युअल मोड, शटर १/१६० किंवा १/२००. फ्लॅशचा सिंक स्पीड, म्हणजे फ्लॅशबरोबर चालणारा सगळ्यात वेगवान शटर, बहुतेक कॅमेऱ्यांत १/१६० ते १/२५० च्या दरम्यान असतो.

२. अ‍ॅपर्चर एफ/८.

३. आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) २००, रॉ फाइल (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली), फोकस मॅन्युअल.

४. फोकस पीकिंग (धारदार कडा स्क्रीनवर रंगवून दाखवणारी सोय) चालू, स्क्रीन मोठी करून पाहण्यासाठी एखादं बटण नेमून ठेवा.

५. इलेक्ट्रॉनिक शटर बंद. त्यावर बहुतेक कॅमेऱ्यांत फ्लॅश उडत नाही, आणि एलईडी दिव्याखाली फोटोत पट्टे येतात.

एफ/८ च का, यावर थोडं थांबतो, कारण सगळ्यात जास्त फोटो इथे वाया जातात. फुल फ्रेमवर १:१ ला एफ/८ ठेवलं तर स्पष्ट दिसणारा पट्टा सुमारे १ मिमी जाड असतो. मग वाटतं, एफ/२२ करू. पण १:१ ला लेन्सच्या अ‍ॅपर्चरचा प्रत्यक्षातला आकडा लिहिलेल्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट होतो: एफ/८ हे एफ/१६ सारखं वागतं आणि एफ/२२ हे एफ/४४ सारखं. एवढ्या बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो, त्याला विवर्तन म्हणतात, आणि मग अख्खा फोटो सारखाच मऊ पडतो. पट्टा जाड होतो खरा, पण त्यात धारदार काहीच उरत नाही. एफ/८ ते एफ/११ ही माझी हद्द आहे, फारच नड असली तर एफ/१६. शिवाय एफ/२२ ला सेन्सरवरचा प्रत्येक धूलिकण काळा डाग होऊन समोर येतो.

निकॉनच्या कॅमेऱ्यावर निकॉनची मॅक्रो लेन्स असेल तर जवळ जाताना अ‍ॅपर्चरचा आकडा आपोआप वाढलेला दिसेल. तो बिघाड नाही, कॅमेरा प्रत्यक्षातला आकडा दाखवतोय.

## टप्पा ५: प्रकाश

लेन्सवर खर्च करून फ्लॅश टाळणं ही महागात पडणारी काटकसर आहे. १:१ ला लेन्स दोन स्टॉप प्रकाश खाते, म्हणजे चौथा हिस्साच उरतो, त्यात एफ/८, त्यात शरीराचा हेलकावा. साधा मॅन्युअल फ्लॅश १/१६ किंवा १/३२ पॉवरला ठेवला तर त्याचा झोत सहसा १/५००० सेकंदापेक्षाही कमी टिकतो. हालचाल गोठवण्याचं काम शटर करत नाही, हा झोत करतो.

उघडा फ्लॅश मात्र वापरू नका. डिफ्यूझर, म्हणजे प्रकाश पसरवणारा पडदा, बनवा: पांढरा फोमचा पातळ कागद, ट्रेसिंग पेपर किंवा दुधी प्लास्टिकची बाटली कापून. फ्लॅशच्या तोंडावर चिकटवलेला इवलासा डिफ्यूझर फारसं काही करत नाही. तो लेन्सच्या पुढच्या कडेपर्यंत वाकून यायला हवा, म्हणजे वस्तूच्या डोक्यावर छतासारखा राहील. वस्तूच्या मानानं प्रकाशाचा उगम जितका मोठा दिसेल, तितका प्रकाश मऊ.

याची परीक्षा उडी मारणाऱ्या कोळ्याच्या डोळ्यांत होते. त्याचे पुढचे दोन मोठे डोळे काळ्या मण्यासारखे चकचकीत असतात आणि त्यात तुमच्या दिव्याचं प्रतिबिंब जसंच्या तसं उमटतं. तिथे टाचणीच्या टोकाएवढा कडक पांढरा ठिपका दिसला तर डिफ्यूझर लहान पडतोय. कडा विरत गेलेली रुंद, राखाडी-पांढरी खिडकी दिसली तर तो योग्य आहे. कोळी नसेल तेव्हा स्टीलचा छर्रा किंवा काळा मणी ठेवून घरीच हे करून पाहा.

तपासा: मागचा भाग काळाकुट्ट येतोय? फ्लॅशचा प्रकाश लांब जात नाही. आयएसओ ४०० किंवा ८०० करा आणि फ्लॅशची पॉवर तेवढीच कमी करा. किंवा मागे दोन-चार सेंमीवर एखादं पान येईल असा कोन निवडा.

## टप्पा ६: फोटो काढण्याचा क्रम

१. लांबूनच एक साधा फोटो काढा. प्राणी उडाला तरी नोंद राहते, आणि एक्स्पोजरही कळतं.

२. फोकसची कडी फिरवून हवं ते मॅग्निफिकेशन लावा, म्हणजे १:२, १:१ जे ठरलं असेल ते. यानंतर कडीला हात लावायचा नाही.

३. आता फोकस करायचा तो शरीरानं. कॅमेरा डोळ्याला लावून सावकाश पुढे झुका. चित्र धूसर असेल, मग एका क्षणी पापुद्र्याएवढा भाग धारदार होईल आणि पुढे सरकत जाईल. तो डोळ्यावर येतोय असं वाटलं की श्वास रोखून तीन-चार फोटो काढा.

कडी फिरवत फोकस करायची सवय इथेच मोडावी लागते. १:१ च्या जवळ कडीच्या हालचालीनं फोकसपेक्षा मॅग्निफिकेशनच जास्त बदलतं, आणि तुम्ही धार शोधत असताना चौकट हलत राहते.

४. हाताला आधार द्या. गुडघा जमिनीवर, कोपर गुडघ्यावर. देठावर बसलेला किडा असेल तर डाव्या हाताच्या दोन बोटांत देठ अलगद धरा आणि लेन्सची नळी त्याच हाताच्या मनगटावर टेकवा. वाऱ्यानं देठ हलला, तुम्ही हललात, तरी दोघं बरोबरच हलता. ही एक युक्ती जमली की वाया जाणारे फोटो निम्म्यावर येतात, हा माझा अनुभव.

५. लगेच स्क्रीनवर १०० टक्के मोठं करून डोळा पाहा. डोळा धारदार नसेल तर पाय कितीही सुंदर आले असले तरी पुन्हा काढा.

६. धारदार फोटो हाती आल्यावरच कोन बदला. फुलपाखराचे मिटलेले पंख किंवा पान असेल तर सेन्सर त्याला समांतर धरा. पट्टा १ मिमीच असला तरी तो संपूर्ण पंखावर पसरतो. अ‍ॅपर्चरचा आकडा वाढवण्यापेक्षा हे कितीतरी गुणकारी.

जवळ जाताना तुमची सावली प्राण्यावर पडू देऊ नका. पहाटे हवा गार असताना कीटक सुस्त असतात, तीच वेळ निवडा. किडा फ्रिजमध्ये ठेवून गारठवायचा सल्ला कुणी दिला तर तो अजिबात मानू नका. त्यात तो प्राणी मरू शकतो, आणि फोटोत त्याची लुळी पडलेली बसण्याची ढब लपत नाही.

सावधान: लेन्सच्या किंवा कॅमेऱ्याच्या स्टॅबिलायझरवर, म्हणजे हाताची थरथर सावरणाऱ्या यंत्रणेवर, विसंबू नका. १:१ ला त्याचा परिणाम बराच कमी होतो, आणि तुमचं पुढे-मागे झुलणं तर तो थांबवूच शकत नाही.

## टप्पा ७: स्टॅकिंग, पण स्थिर वस्तूवरच

१ मिमी पुरत नसेल तेव्हा फोकस थोडा थोडा सरकवत अनेक फोटो काढून ते जोडतात. ट्रायपॉड पक्का करा, स्टॅबिलायझर बंद करा, अ‍ॅपर्चर एफ/५.६ ठेवा. फुल फ्रेमवर १:१ ला पट्टा ०.६५ मिमीच्या आसपास मिळतो, म्हणून पाऊल ०.४ मिमीचं ठेवा. पट्टे एकमेकांवर थोडे चढायलाच हवेत. १० मिमी खोल वस्तूला साधारण २५ फोटो लागतील.

कॅमेऱ्यात फोकस ब्रॅकेटिंग (फोकस आपोआप सरकवत मालिका काढण्याची सोय) असेल तर त्यातला १ ते १० चा आकडा मिलिमीटर नसतो. पट्टी ४५ अंशांत तिरकी ठेवून एक मालिका काढा आणि धार एका फोटोपासून दुसऱ्यापर्यंत किती खुणा सरकली ते मोजा. त्याला ०.७ नं गुणलं की खरं पाऊल कळेल. जोडण्यासाठी हेलिकॉन फोकस किंवा झेरीन स्टॅकर ही सॉफ्टवेअर वापरतात.

## टप्पा ८: धूसर फोटो कशामुळे, ते ओळखा

फोटो पुसून टाकण्याआधी तो १०० टक्के मोठा करून नीट पाहा. डोळा धूसर, पण मागचा पाय किंवा पान धारदार असेल तर तुम्ही जास्त पुढे झुकलात. तीन-चारऐवजी सहा फोटोंची मालिका काढा. सगळ्या रेषा एकाच दिशेला दुहेरी दिसत असतील तर हालचाल आहे, म्हणजे फ्लॅशपेक्षा आजूबाजूचा उजेड वरचढ झालाय. आयएसओ उतरवा किंवा सावलीत जा. कुठेच धार नाही, कडेपासून कडेपर्यंत सारखाच मऊपणा असेल तर अ‍ॅपर्चरचा आकडा पाहा, तो बहुधा १६ च्या पुढे गेलेला असेल.

रेषा जागच्या जागी आहेत, पण चित्र पांढुरकं, राखेचा थर बसल्यासारखं दिसत असेल तर आधी हूड लावून आणि पुढची काच पुसून पाहा. तरीही तसंच राहिलं तर टॉर्च घ्या आणि लेन्समध्ये पुन्हा डोकावा.